दाबू नका, सोडूही नका

स्पोर्ट्‌स कार स्टिअरिंगने वळते हा नवशिक्यांचा समज. खरी वळते ती उजव्या पायाने. हे मी लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत आणि दाताच्या डॉक्टरांकडे तोंडात कापूस असतानाही ऐकवलेलं आहे. माझ्याकडे स्पोर्ट्‌स कार नाही. जेवणाच्या टेबलाला आवळून बसवलेलं गेमिंगचं स्टिअरिंग आहे, खाली पेडल आहेत. बायको त्याला शिलाई मशीन म्हणते आणि उरलेल्या कोपऱ्यात कोथिंबीर निवडते.

तर, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत त्या दोन टायरांनी गाडी ढकलायचीही आणि वळणात रस्ताही धरायचा. पकड तेवढीच, ती दोन्ही कामांत वाटून घ्यायची. वळणात रेस जास्त दिली की सगळी पकड ढकलण्यातच खर्ची पडते आणि गाडीचं बूड बाहेर सुटतं. बरं, घाबरून पाय एकदम उचलावा, तर वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि बूड तरीही सुटतं!

पोर्शे 911 चं इंजिन तर मागच्या ॲक्सलच्याही मागे. सुरुवातीच्या गाड्या शेपटीला इतक्या जड, की कंपनीने पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांना 11-11 किलोचे बिडाचे ठोकळे बसवले. स्टुटगार्टचे इंजिनिअर! आमच्या गॅरेजवाल्याने हा उपाय सुचवला असता तर मी गॅरेज बदललं असतं. पुढे 1969 च्या मॉडेलमध्ये पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 57 मिलिमीटरने वाढवलं आणि एका बॅटरीऐवजी दोन बॅटऱ्या पुढे डाव्या-उजव्या बाजूंना ठेवल्या. (ठोकळ्यांचा विषय निघाला की पाहुणे घड्याळ बघतात. बघोत.) मग 1975 ची टर्बो आली. पाय दाबला की आधी काहीच घडायचं नाही, आणि मग सगळी ताकद नेमकी वळणाच्या मध्यावर एकदम यायची. तिला 'विडोमेकर' हे नाव पडलं ते उगाच नाही.

आताच्या गाड्यांत कॉम्प्युटर हा पाय सांभाळतो. चाक घसरू लागलं की ताकद कापतो, एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावतो, आणि कौतुक चालवणाऱ्याचं होतं. मला चीड येते ती ही सोय बटण दाबून बंद करणाऱ्या आणि मध्यरात्री भर शहरात पराक्रम गाजवणाऱ्या पोरांची. मी गेममध्ये नुर्बुर्गरिंग ट्रॅकच्या कठड्यावर आदळतो तेव्हा फार तर कोथिंबिरीची जुडी खाली पडते. त्यांच्या वळणाला फूटपाथ असतो आणि त्यावर माणसं झोपलेली असतात.

तेव्हा अशी गाडी घेतलीच, तर कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेसारख्या ट्रॅकवर जाऊन जाणत्या माणसाकडून शिका. मला विचारू नका. मी ठोकळ्यांपासून सुरुवात करेन.