बापूची निळी वही

एडिसनमधल्या आमच्या बापूकडे एक निळी वही आहे. तिच्यात खर्चाचा रकानाच नाही. आहे तो एकच, 'वाचले'.

तीन वर्षांपूर्वी बापूने पेन्सिल्वेनियात लँकेस्टरजवळच्या एका खेड्यातून जुनी मोटर होम आणली. 1994 ची, फोर्डच्या ई-350 चासीवरची, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंगाचं टेंगूळ आलेली. मालक साडेआठ हजार डॉलर मागत होता, बापूने सहा हजारांत पटवली. वहीतली पहिली नोंद: वाचले 2,500.

मी बरोबर होतो. अशा गाडीत इंजिन नंतर बघायचं, आधी ओल. छताच्या सांध्यांवरचं सीलंट तडकलं की पाणी भिंतीत उतरतं आणि आतलं लाकूड कुजत बसतं. वरचा वॉलपेपर मात्र टवटवीत! मी पलंगाच्या कोपऱ्यात अंगठा दाबला, तर भिंत शिऱ्यासारखी आत गेली. "जरा मऊ आहे," बापू म्हणाला. स्थळ पसंत पडलेलं असलं की 'पगार जरा बेताचा आहे' म्हणतात ना, त्याच सुरात.

मग टायर. नक्षी कोरी करकरीत. मी त्यावरचे चार आकडे दाखवले: 2309, म्हणजे 2009 सालचा तेविसावा आठवडा. असल्या गाड्यांचे टायर झिजून जात नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात. बापूने बाजूची भेग नखाने चाचपली आणि म्हणाला, "पण नक्षी बघ!"

छताच्या दुरुस्तीचे एका दुकानदाराने 5,000 सांगितले. बापूने ते स्वतः केलं. प्लायवूड, रबराची चादर, सीलंट आणि दोन ड्रिल मिळून 1,900. दोन अशासाठी, की पहिलं ड्रिल नव्या छताच्या आत राहिलं. ते अजून तिथेच आहे, गाडी हलली की खडखडतं. अकरा शनिवार-रविवार गेले. वाचले 3,100. मजुरीचं काय, असं विचारलं तर म्हणाला, "घरच्या माणसाची कसली मजुरी?" त्या घरच्या माणसांत शिडी धरणारा मीही होतो.

गाडीतला फ्रिज गॅसवर चालतो. त्यात कॉम्प्रेसर नसतो, अमोनिया आपल्याच वजनाने खाली वाहतो, म्हणून गाडी सपाट उभी हवी. बापूच्या दारात उतार. त्याने चाकांखाली फळ्या सरकवल्या, फ्रिजमध्ये स्पिरिट लेव्हल ठेवली आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत दुपार घालवली. वहिनींनी परीक्षेसाठी ताक ठेवलं. संध्याकाळी ते इतकं आंबलं होतं, की त्याची कढी करावी लागली. नोंद: ताक वाचले.

थंडीपूर्वी पाइपांत गुलाबी अँटीफ्रीझ भरतात. बापूने ते न आणता पाइप तोंडाने फुंकून काढले. वाचले 20. आत राहिलेलं पाणी गोठलं, पाइप फुटला आणि मार्चमध्ये नळ सुरू करताच सिंकखाली कारंजं उडालं. कारंज्याची नोंद नाही. दारात असली गाडी उभी करायची नाही असं सोसायटीचं पत्र आलं, तेव्हापासून गाडी महिना 75 डॉलर देऊन एका कुंपणात आहे. त्याचीही नाही.

वहिनींना ग्रँड कॅन्यन बघायचा होता. दोन वर्षं वाट पाहून त्या मैत्रिणींबरोबर विमानाने जाऊन आल्या. बापूने त्याच रात्री हिशोब मांडला: जाऊन-येऊन पावणेपाच हजार मैल, गॅलनला आठ मैल, म्हणजे जवळजवळ सहाशे गॅलन पेट्रोल वाचले. वहीतल्या आजवरच्या मोठ्या नोंदींतली ही एक.

बापूच्या हाती आल्यापासून गाडीचा एकूण प्रवास 131 मैलांचा झाला आहे. त्यातले सव्वाशे विकणाऱ्याच्या दारातून बापूच्या दारापर्यंत. उरलेले सहा टोइंगच्या ट्रकवर.