हॅलचे गुरुजी कोणी पळवले?

व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नमधल्या मराठी आईबापांनो, मुलांना ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ जरूर दाखवा, पण तेवढ्यावर थांबू नका. आर्थर क्लार्कच्या कादंबऱ्याही त्यांच्या हातात द्या. पडद्याने आपल्या एका माणसाला दोनदा बाजूला सारलंय आणि पुस्तकात तो ताठ उभा आहे.

त्याचं नाव डॉ. चंद्रा. पूर्ण नाव शिवसुब्रमण्यन चंद्रसेगरमपिल्लई. हॅल ९००० या संगणकाचा कर्ता आणि पहिला शिक्षक. (नाव तमिळ म्हणून तो आपला नाही असं ज्याला वाटतं, त्याच्याशी मला वाद घालायचा नाही.) १९६८च्या ‘२००१’ कादंबरीत हॅलची स्मृती तुकड्यातुकड्याने काढली जाते, तेव्हा तो पार बालपणात जाऊन पोचतो आणि डॉ. चंद्रांनाच नमस्कार करतो. त्याच वर्षीच्या स्टॅन्ली कुब्रिकच्या चित्रपटात, याच प्रसंगी, हॅल शिक्षकाचं नाव सांगतो : मिस्टर लँग्ली! एक नाव खोडलं, दुसरं लिहिलं, काम संपलं.

१९८२मध्ये क्लार्कने ‘२०१० : ओडिसी टू’ लिहिली आणि चंद्रांना यानात बसवून थेट गुरू ग्रहापर्यंत नेलं. १९८४मध्ये पीटर हायम्सने तिच्यावर चित्रपट काढला. या वेळी नाव चंद्राच राहिलं, भूमिका मात्र बॉब बालाबान या गोऱ्या अमेरिकी नटाकडे गेली. बालाबान चांगला नट आहे, माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही. भारतीय नाव चालतं आणि भारतीय चेहरा चालत नाही, या निवडीबद्दल आहे.

चंद्रा हे काही कोपऱ्यातलं पात्र नाही. हॅल यानातली माणसं मारायला का निघाला, हे कोडं तेच उलगडतात. मिळालेली माहिती खरी आणि पूर्ण द्यायची, हा हॅलचा मूळ स्वभाव. वॉशिंग्टनमधून हुकूम आला की मोहिमेचा खरा हेतू बोमन आणि पूल या यानातल्या अंतराळवीरांपासून लपवायचा. लपवाछपवी करायला न शिकलेलं यंत्र या दोन आज्ञांच्या कात्रीत सापडलं. वेड यंत्राचं नव्हतं, हुकूम देणाऱ्यांचं होतं. ‘२०१०’ चित्रपटाच्या शेवटी तर बाकीचे हॅलला अंधारात ठेवू पाहतात आणि चंद्रा त्याला सरळ सांगून टाकतात की सांगितलेलं काम केलंस तर तुझा नाश होऊ शकतो. साऱ्या मालिकेतला माझ्या मते सगळ्यात मोठा प्रसंग हा आहे, आणि त्यातला चेहरा दुसऱ्याचा आहे.

अ‍ॅशबर्नने हे निमूट गिळू नये. जगातली डेटा सेंटरची सर्वांत मोठी दाटी या परिसरात आहे. वॅक्सपूल रोडने जाताना दोन्ही अंगांना बिनखिडक्यांच्या अवाढव्य इमारती लागतात. अशा सर्व्हरांवर जगभर चालणारी यंत्रं ज्यांनी लिहिली, ज्यांनी शिकवली, त्यांत चंद्रांसारखी नावं किती आहेत, हे इथल्या मुलांना पुस्तकातून कळायची गरज नाही. त्यांतली काही माणसं संध्याकाळी या मुलांच्याच पानाला पान लावून जेवतात.

‘२००१’चा पहिला जाहीर खेळही २ एप्रिल १९६८ला इथून जवळच, वॉशिंग्टनच्या अपटाऊन थिएटरात झाला होता. सिल्व्हर लाइनने मेट्रो सेंटर, तिथे रेड लाइन पकडून क्लीव्हलंड पार्क. थिएटर २०२०मध्ये बंद पडलं, कादंबऱ्या मात्र अजून मिळतात.

उद्या कुणी ‘२०१०’ पुन्हा करायला घेतला, तर चंद्रांची भूमिका भारतीय नटालाच मिळाली पाहिजे, आणि ही मागणी सगळ्यांत आधी अ‍ॅशबर्नहून गेली पाहिजे. तोवर मराठी शाळेच्या कपाटात दोन्ही कादंबऱ्या ठेवा. आधी पुस्तक वाचू द्या, मग चित्रपट लावा. बालाबान पडद्यावर आला की मुलं आपणहून विचारतील, हे डॉ. चंद्रा कसे?