मुखडेबहाद्दर

नगर जिल्ह्यात घरातल्या की-बोर्डला, कंपनी कुठलीही असो, कॅसिओच म्हणतात. आणि तो वाजवणारा बहुतेकदा मुखडेबहाद्दर असतो. डझनावारी गाण्यांचे मुखडे त्याच्या बोटांवर. मुखडा संपला की हात उचलून म्हणणार, ‘‘पुढं असंच आहे.’’ पुढं असंच नसतं, हीच तर अडचण. याचा कान कच्चा, असं घरचे धरून चालतात. माझ्या मते कान ठीक आहे, पत्ता चुकलाय. सूर त्याला सापडतात. आपण गाण्यात नेमके कुठं उभे आहोत, हे त्याला ठाऊक नसतं.

पुरावा हवा असेल तर लग्नसराईत जामखेड-कर्जतकडची एखादी वरात ऐकावी. ‘सैराट’च्या (2016) संगीतातला सिंफनी वाद्यवृंद लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रित झाला होता. वरातीत तो अख्खा वाद्यवृंद टाइपरायटरसारख्या कळांच्या एका बॅन्जोवर उतरतो. व्हायोलिनं गळतात, शब्द तर नसतातच. तरी नवरदेवाच्या आत्याबाईंपर्यंत सगळ्यांना गाणं ओळखू येतं. कारण मुखडा, म्युझिक, अंतरा, क्रॉस लाईन आणि परत मुखडा, हा क्रम बॅन्जोवाल्याच्या डोक्यात पक्का असतो. पब्लिक नाचायचं थांबेल म्हणून तो अंतरा गाळतो तेव्हाही काय गाळतोय ते त्याला माहीत असतं. मुखडेबहाद्दर अंतरा गाळतो तो येत नाही म्हणून. यातली क्रॉस लाईन, म्हणजे अंतऱ्याची मुखड्याकडं वळवणारी शेवटची ओळ, ही सगळ्यात मोलाची. पांढरी एक धरून वाजवलं तर मुखडा बहुधा सी कॉर्डवर येऊन टेकतो. अंतरा पुष्कळदा एफवर नाहीतर ए मायनरवर उघडतो, सूर तार षड्जाकडं चढतात आणि क्रॉस लाईन जी कॉर्डवर लोंबकळत राहते. तो जी डाव्या हाताला सापडला की उरलेलं गाणं जवळजवळ फुकटात पडतं, कारण दुसरा अंतरा सहसा पहिल्याच चालीत असतो. एवढं लांबलचक गाणं, पण पाठ करायच्या चाली दोन आणि वळण एक.

यावर कोणी म्हणेल, हे उपजत असावं लागतं. मग गणपतीची आरती ऐकावी. कडव्यात ओठ नुसते हलवणारी मंडळी धृपद आलं रे आलं की एका दमात ओरडतात. सुराची हमी नाही, पण वेळ चुकत नाही. गाण्याचे भाग ओळखण्याची समज अख्ख्या आळीला असते. पियानो किंवा की-बोर्डपुढं बसल्यावर मात्र माणूस ती बाजूला ठेवून एकेक पट्टी चाचपत बसतो. दुसरा आक्षेप असा की मोबाईलवर सारेगम लिहून मिळतं. मिळतं ना, पण गायकानं ऐनवेळी मुखडा दोनदा घेतला की गायक एकीकडं आणि सारेगम दुसरीकडं. की-बोर्डच्या इंग्रजी शिकवण्यांचा घोळ निराळाच. तिथं आधी व्हर्स, मग कोरस. तोच हिशोब आपल्या गाण्याला लावला की माणूस मुखड्यालाच व्हर्स समजतो आणि कोरसची वाट बघत बसतो. 1964 च्या ‘कान्ट बाय मी लव्ह’ची सुरुवात कोरसनंच करा, असं बीटल्सना त्यांचा निर्माता जॉर्ज मार्टिननं सुचवलं होतं. आपल्याकडं गाणं मुखड्यानंच सुरू होतं, हे सुचवायला कुणी लागत नाही. शास्त्रीयवाले म्हणतात, आधी राग ओळखा. जरूर ओळखावा, पण कोणते सूर हे राग सांगेल, किती वेळानं परत फिरायचं ते नाही सांगणार. आणि ‘हल्लीच्या गाण्यांत अंतरा असतोच कुठं?’ ही तक्रार थोडीफार खरी आहे. तरी त्या गाण्यांतही एका जागी ठेका काढून घेतात, सगळे श्वास रोखतात, मग ढोल कोसळतो. नाव काहीही द्या, क्रॉस लाईनचं काम तिथं ती शांतता करते.

एका जागी मात्र माझा सिद्धांत लंगडतो, तो म्हणजे शेवट. पुष्कळशा जुन्या रेकॉर्डींवर गाणं संपतच नाही, मुखडा घोळवत घोळवत आवाज बारीक होत जातो. पियानोवर तसं नुसतं विरून जाता येत नाही, कुठंतरी सी दाबून उठावंच लागतं, आणि ते कुठं, हे कान सांगत नाही. बॅन्जो पार्टीला ही विवंचना नाही. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनी रात्री दहानंतर लाऊडस्पीकरला बंदी घातली आहे, त्यामुळं गाण्याचा शेवटचा भाग हवालदार ठरवतात, तोही बहुधा अंतऱ्याच्या मधोमध.