पांढऱ्या वाळूची भानगड

"शुभे, कपडे राहू देत जरा, इकडे कुंपणापाशी ये. त्या कोपऱ्यावरच्या घरातली नवी सून मालदीवहून आली, फोटो पाहिलास का?"

"पाहिला की, काकू. स्टेटसलाच होता. काय पांढरीशुभ्र वाळू ना!"

"माशाची विष्ठा आहे ती."

"ईऽऽ! काहीतरीच तुमचं."

"अगं, माझा भाचा मालवणला डायव्हिंग शिकवतो, त्यानं सांगितलं. पोपटमासा म्हणतात त्याला. हिरवा-निळा, मध्येच गुलाबी छटा, आणि पुढचे दात जुळून झालेली चोच. त्या चोचीनं प्रवाळाचे दगड खरवडतो. हवं असतं त्यावरचं शेवाळ, पण दगडही पोटात जातो. घशात आणखी दात असतात, तिथं त्याचा भुगा होतो आणि मागून बाहेर पडतो. मोठा मासा वर्षाला शेकडो किलो वाळू काढतो म्हणे! मालदीवमधल्याच वक्कारू बेटाभोवती शास्त्रज्ञांनी मोजलं. 2015 साली छापून आलं, तिथल्या प्रवाळावर नव्यानं होणाऱ्या वाळूतली 85 टक्क्यांहून जास्त या माशांचीच."

"अगंबाई! आणि ही त्यात लोळतेय."

"लोळू दे. तू नको सांगूस हो तिला, हनिमूनचे फोटो आहेत. पण या माशाच्या घरातली भानगड याहून भारी. एक नर, भोवती चार माद्या. थाटमाट सगळा त्याचा, बायका बहुतेक मळकट रंगाच्या. आणि तो मेला, की त्यातली थोरली..."

"दुसरा शोधते?"

"छे! स्वतःच नर होते. रंगासकट! मग बाकीच्यांवर तिचाच हुकूम."

"आमच्या जाऊबाई न बदलताच चालवतात."

"हळू बोल, खिडकी उघडी आहे त्यांची. आणि ऐक, रात्री यातले काही मासे तोंडातून चिकट बुळबुळीत काहीतरी सोडतात, अंगाभोवती त्याची पिशवी करतात आणि आत झोपतात. रक्त पिणारे बारके किडे असतात समुद्रात, त्यांच्यासाठी. मच्छरदाणीच म्हण ना."

"आणि रोज नवी? आमच्याकडे एक लावायची तर तुझी पाळी की माझी यावरून रात्र जाते. बरं काकू, त्या नव्या सुनेनं बाटलीभर वाळू आणली असेल का हो?"

"आणता येत नाही. मालदीवमधून वाळू न् प्रवाळ बाहेर न्यायला बंदी आहे."

"आणि मासा? तो खातात का?"

"पुष्कळ ठिकाणी खातात. पण शेवाळ माजलं तर प्रवाळ गुदमरतो, आणि ते खाणारा हाच. म्हणून तिकडे कॅरिबियन किनाऱ्यावरच्या बेलीझनं 2009 मध्ये त्याला पकडायलाच बंदी घातली. चांगलं केलं हो त्यांनी."