पायदानावरची भांडणं

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची सर्वोत्तम दहा गाणी ठरवायला साठीतली चार माणसं बसली, की चौघांच्याही तोंडी पहिलं नाव ‘उमराव जान’चं. खय्याम आणि आशाबाई, दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार. नाही कोण म्हणणार? पण त्याच १९८१ साली अमीन सयानींच्या ‘बिनाका गीतमाले’त वर्षाच्या पहिल्या पायदानावर बसलं ते ‘लावारिस’मधलं, साडी नेसलेल्या अमिताभचं गाणं. ते डोक्यावर घेणारे बहुधा परग्रहावरून आले असावेत. बप्पीदांचं तर नावच काढायचं नाही. ‘डिस्को डान्सर’ यांच्यापैकी कुणी म्हणून पाहिलेला नाही! पुतण्याच्या वरातीत बेंजोवाल्याने तीच धून धरली, की मात्र खय्यामभक्त काका सर्वांत पुढे, रुमाल दातांत, आणि गुडघेदुखी एकदम बरी.