डोक्याला शॉट, अन् तोही घरोघर!

ऐकलं का? मराठवाड्यातल्या आमच्या सेलूत आता कुणी बेजार होत नाही. वैतागत नाही, कदरत नाही, कुणाला कशाचा वीट येत नाही. सगळ्यांना एकच होतं : ‘डोक्याला शॉट’! मोंढ्यात कापसाच्या गाडीचा नंबर लागेना, शॉट. एकेरी रुळावर क्रॉसिंगला रेल्वे थांबली, शॉट. परवा तर म्हणे एका सत्तरीच्या आजीबाईंनी सुनेच्या मिक्सरला शॉट म्हटलं. देवाधर्माची बाई हो! केशवराज बाबासाहेबांच्या देवळातून नुकती आलेली!

कॉलेजची पोरं आणखी पुढं गेलीत. काकांनी वरातीत नागीण डान्स केला की त्यांना ‘क्रिंज’ होतं. ‘इरिटेट’ हा जुन्या लोकांचा शब्द झालाय. जुने म्हणजे पस्तिशीतले.

अहो, आमच्याकडं त्रासाला पायऱ्या होत्या. पोरगं पदराला धरून पिरपिर करतं, माशी भुणभुण करते, सासू कटकट करते (मागं कुणी ऐकत नाही ना?). तिसऱ्या दिवशीही पाहुणे हलेनात की माणूस बेजार. उन्हाळ्यात दुधना नदी आटली अन् टँकरमागं घागरी घेऊन पळायची वेळ आली की पार कदरून जातो. हे कदरणं पुणेकराला कळायचं नाही. त्याच्या डोक्याची नुसती मंडई होते. आता पिरपिरीलाही शॉट अन् टँकरलाही शॉट म्हटल्यावर, रात्री बायको ‘आज लई शॉट झाला’ म्हणाली तर नवऱ्यानं काय समजायचं? फ्यूज बघायचा का सासुरवाडीला फोन लावायचा?

शुद्ध मराठीवाल्यांनी मात्र यात फार गळा काढू नये. बेजार फारसीतून आला, हैराण अरबीतून. अन् हैराणचा मूळ अर्थ तर चकित! निजामाच्या कचेरीची भाषा उर्दू होती. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं, बेजार आपला चुलीपाशी बसूनच राहिला. शॉटलाही पाट द्या, आमची ना नाही. पण त्यानं कदरण्याला उठवून बसावं?

एका मास्तरांनी वर्गात दंडच लावलाय म्हणतात : शॉट म्हटलं की पाच रुपये. पोरं कसली ऐकतात! आता गणित आलं नाही की म्हणतात, ‘सर, पाच रुपयांचं झालं.’