ड्रॅगनबॉर्नच्या डाव्या हातास खुले पत्र

डाव्या हाता,

सप्रेम नमस्कार लिहिणार नाही. तुझ्यावर प्रेम नाही, तुझ्याविरुद्ध तक्रार आहे. ती 'स्कायरिम' बाजारात आला त्या दिवसापासूनची, म्हणजे 11 नोव्हेंबर 2011 पासूनची आहे. तुझा ड्रॅगनबॉर्न ज्याचा नायक आहे तो हा गेम मला अतिशय प्रिय आहे. त्याचे डोंगर, त्याचा बर्फ, थडग्यांतून उठणारे ड्रॉगर, ढगांतून खाली झेपावणारे ड्रॅगन, सगळं प्रिय आहे. म्हणूनच तुझा कामचुकारपणा डोळ्यांत खुपतो. गेम टाकाऊ असता तर मी तुला खडसावायला बसलोच नसतो.

गेमच्या सुरुवातीला हेल्गेनच्या किल्ल्यात मनगटांचे दोर कापले गेले तेव्हा तू आणि उजवा दोघे एकाच वेळी मोकळे झालात. उजव्याने हाती लागलेलं पहिलं शस्त्र उचललं आणि तेव्हापासून तो राबतोय. तुझ्यापाशी तर पहिल्या मिनिटापासून दोन मंत्र होते: शत्रूवर आगीचा झोत सोडणारा फ्लेम्स आणि जखमा भरून काढणारा हीलिंग. एवढी शिदोरी घेऊन आलेल्या हाताने पुढे व्हायला हवं होतं. तू नियम सांगितलास: एका वेळी एकच वस्तू. ढाल, नाहीतर मशाल, नाहीतर दुसरी तलवार, नाहीतर मंत्र.

हा नियम गेम बनवणाऱ्या बेथेस्डाच्या रचनाकारांनी घातला, हे मला ठाऊक आहे. पण त्याची अंमलबजावणी तू करतोस, आणि तीही किती काटेकोरपणे! ढाल धरलीस की जखम भरायची नाही. मंत्र धरलास की वार अडवायचा नाही. उजव्या हातात दोन हातांची तलवार आली की तू तिची मूठ धरून बसतोस आणि एक बोटही सोडत नाहीस. सगळ्यात संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. तू रिकामा असलास तर उजव्या हातातली एकटी तलवार वार अडवू शकते. तुझ्या तळहातावर हीलिंगचा उजेड आला की तीच तलवार, तोच उजवा, तीच ताकद, तरीही वार अडवता येत नाही. कारण उघड आहे. अडवण्याचं बटण आणि तुझं बटण एकच आहे. तू कामाला लागलास की ते बटण स्वतःकडे घेतोस आणि उजव्याला उघडा पाडतोस. जो हात रिकामा असताना जास्त उपयोगी पडतो, त्याने स्वतःला लढवय्याचा हात म्हणवून घेऊ नये.

आता ब्लीक फॉल्स बॅरोच्या आतल्या एका साध्या चकमकीचा हिशेब मांडतो. खेळाडूच्या एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल. ड्रॉगरची कुऱ्हाड खांद्यात बसते आणि जीव अर्ध्यावर येतो. हीलिंग हवंय. फेव्हरिट्सची यादी उघडायची, मंत्र शोधायचा, तुझ्या हवाली करायचा. ढाल जाते. यादी बंद. मागे सरकत जखम भरायची. पुन्हा यादी, पुन्हा शोध, आता ढाल. पुन्हा यादी बंद. एका जखमेपायी दोनदा यादी उघडली, आणि दोन्ही वेळा सगळं जग गोठून उभं राहिलं: ड्रॉगरची कुऱ्हाड हवेत, ठिणग्या हवेत, त्याची आरोळी अर्धवट. मरणाच्या दारात उभा असलेला माणूस त्या वेळी वर्णानुक्रमे लावलेली नावं वाचत असतो. लढाईचा तालच तुटतो. ज्याने कधीतरी पुढचा वार ओळखून ढाल वर केली आहे आणि त्या क्षणाचा थरार अनुभवला आहे, त्याला तू नेमकं काय हिरावून घेतोस ते वेगळं सांगावं लागणार नाही.

हॉटकी होत्या की, असं म्हणशील. होत्या. पीसीवर आठ आकडे. एक्सबॉक्स 360 आणि प्लेस्टेशन 3 वर मात्र डी-पॅडच्या फक्त दोन दिशा, डावी आणि उजवी. वरची आणि खालची पुन्हा तीच यादी उघडायला. शिवाय ती हॉटकी एका वस्तूला लागते, दोन्ही हातांच्या जोडीला नाही. 'तलवार आणि ढाल' ही एक अवस्था आणि 'तलवार आणि मंत्र' ही दुसरी, हे त्या यंत्रणेला समजतच नाही. या हाताचं त्या हाताला कळू नये, हे दान देताना ठीक आहे. लढताना दोन्ही हातांना एकमेकांचं कळलंच पाहिजे.

तुझ्याच 'एल्डर स्क्रोल्स' घराण्यात हे कळत होतं. 'मॉरोविंड'मध्ये, 2002 साली, शस्त्र आवरून मंत्राचा पवित्रा घ्यावा लागे, आणि एवढं करून मंत्र फसेलही. तो सगळा अवजड कारभार 2006 च्या 'ऑब्लिव्हियन'ने मोडीत काढला. मंत्राला स्वतःचं वेगळं बटण दिलं. हातात तलवार-ढाल असो, धनुष्य असो की दोन हातांची कुऱ्हाड, बटण दाबलं की हात क्षणभर सुटतो, मंत्र टाकतो आणि परत शस्त्राला लागतो. मंत्र टाकताना वार करता येत नाही, तेवढा वेळ खेळाडू मोजतोच. चिलखत घातलेल्याच्या मंत्राचा जोर घटतो, तीही किंमत आहे. दोन्ही किंमती लढाईच्या आत आहेत. या दोन्ही गेमचे मुख्य रचनाकार केन रोल्स्टन. ते पुढे 'किंगडम्स ऑफ अमलूर: रेकनिंग'च्या कामात होते. 2012 च्या त्या गेममध्ये एक ट्रिगर धरून ठेवला की चार बटणांवर चार विद्या येतात आणि हातातलं शस्त्र खाली ठेवावं लागत नाही. तुझ्या आधी पाच वर्षं आणि तुझ्यानंतर काही महिन्यांत हे उत्तर तयार होतं. तू मध्येच आडवा पडलास.

तुझे वकील हुशार आहेत, त्यांचं म्हणणं टाळणार नाही. ते म्हणतात, ढाल आणि मंत्र एकदम दिले तर निवडीला अर्थ काय राहिला? योद्ध्याला सगळंच मिळालं तर जादूगार कशाला व्हायचं? मुद्दा खरा आहे. निवडीला किंमत असावी, हे मला मनापासून मान्य आहे. पण किंमत कोणत्या नाण्यात घ्यायची, हा माझा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर त्याच 2011 साली आलेल्या 'डार्क सोल्स'ने देऊन ठेवलंय.

तिथेही डाव्या हाताला एका वेळी एकच वस्तू. ढाल, किंवा जादूगाराची काठी, किंवा भक्ताचा टॅलिस्मन, किंवा तळहातावरची पायरोमॅन्सीची ज्योत. म्हणजे नियम तुझाच. पण प्रत्येक हाताला दोन जागा आहेत आणि डी-पॅडच्या एका दाबाने एक वस्तू जाऊन दुसरी येते. काळ थांबत नाही. सामानाची पेटी उघडली तरी समोरचा सांगाडा थांबत नाही. ढाल टाकून काठी घ्यायची तर खेळाडू त्या दोन पावलांच्या अंतरात उघडा असतो, हे त्याला माहीत असतं आणि समोरच्यालाही जणू माहीत असतं. म्हणून तिथला माणूस आधी खांबाआड जातो, अंतर मोजतो, मग हात बदलतो. ती किंमत धोक्यात मोजलेली आहे आणि म्हणून ती लढाईचाच भाग होते. 'एल्डन रिंग'ने 2022 मध्ये प्रत्येक हाताला तीन जागा दिल्या आणि धोका तसाच ठेवला. तू मात्र काळच थांबवतोस. मग धोका कसला? तुझ्याकडची किंमत कंटाळ्यात मोजावी लागते, आणि कंटाळा ही कुठल्याच खेळातली रास्त किंमत नाही. माझं सगळं भांडण या एका गोष्टीवर उभं आहे. बाकीचं तुला माफही केलं असतं.

मंत्र टाकताना तू उजव्याशी जुळवून घेतोस तो ठळक प्रसंग म्हणजे ड्युअल कास्टिंग. तिथेही अट घालतोस. दोन्ही हातांत तोच मंत्र हवा, आणि त्यासाठी त्या विद्येचा पर्क आधी विकत घ्यायचा. मग 2.8 पट मॅजिका, म्हणजे मंत्रशक्ती, घेऊन 2.2 पट परिणाम देतोस. तोच मंत्र दोन हातांनी वेगवेगळा टाकला असता तर दुप्पट मॅजिकात दुप्पट काम झालं असतं. एकत्र आल्याबद्दल तू वर दस्तुरी कापून घेतोस. हे चालतं ते इम्पॅक्ट नावाच्या पर्कमुळे, कारण विनाशविद्येचा दुहेरी मंत्र बसला की शत्रू लडखडतो. तेवढं कबूल करतो: दोन्ही तळहात जुळवून टाकलेला आगीचा गोळा आणि त्याने मागे कोलमडलेला राक्षस हे तुझ्या कारकिर्दीतलं सर्वोत्तम दृश्य आहे. पण उजव्यात आग आणि तुझ्यात बर्फ असला तर? काहीही नाही. दोघे आपापलं टाकता, मिसळत काहीच नाही. 2011 च्याच जानेवारीत स्वीडनच्या एका छोट्या चमूने 'मॅजिका' हा गेम आणला होता. त्यात आठ मूलद्रव्यं मिसळून मंत्र घडवायचे असतात. तुझ्या गेममध्ये तर मंत्र स्वतः घडवण्याची 'ऑब्लिव्हियन'मधली वेदीही काढून टाकली. दोन हात दिले आणि मिसळण्याची वाट बंद केली.

'विचर 3' चा नायक गेराल्ट, त्याच्या डाव्या हाताकडे बघ. उजव्यात तलवार आणि डावा कायम तयार. आर्ड, इग्नी, यर्डेन, क्वेन, अ‍ॅक्सी: जादूची पाच चिन्हं, एक बटण, आणि किंमत दमाची. वार करता करता तो हात मुठीवरून सुटतो, हवेत खूण करतो, समोरचा धडपडतो, आणि तलवार तोवर पुढच्या वाराला निघालेली असते. त्याच्याकडे ढाल नाही, हे खरं. पण त्याच्या डाव्याला काम काय हे विचारावं लागत नाही. आणि 2025 च्या 'अवाउड'मध्ये डाव्या हातात चक्क मंत्रांचं पुस्तक असतं, उजव्यात तलवार किंवा कांडी. शिवाय शस्त्रांचे दोन पूर्ण संच, दोन्ही हातांसकट, एका बटणावर बदलतात. जोडी म्हणजे काय ते तिथे कुणाला तरी कळलेलं आहे.

खऱ्या लढवय्यांचा डावा हात कधीच असा बसून नव्हता. इटलीतल्या अकिले मारोत्सोने 1536 च्या आपल्या ग्रंथात तलवारीसोबत डाव्या हाताला लहान ढाल, खंजीर आणि अंगावरचा झगासुद्धा कसा वापरायचा ते शिकवलंय. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात पट्टा चढवलेला हात मनगटात बांधला जातो, लोखंडी मूठ पार कोपराकडे जाते. तरी दुसऱ्या हातात ढाल असते, नाहीतर दुसरा पट्टाच. या माणसांकडे जादू नव्हती. तुझ्याकडे आहे.

एका ठिकाणी मात्र तू शोभलास: 'स्कायरिम व्हीआर'मध्ये. तिथे खेळाडूचा खरा डावा हात म्हणजे तूच. तो एका दिशेला आग सोडतो आणि उजवा दुसऱ्या दिशेला तलवार चालवतो. तिथे प्रत्येक हाताचं वेगळं असणं अंगाला जाणवतं आणि नियम एकदम खरा वाटतो. हेडसेट नसलेल्या बहुसंख्य खेळाडूंच्या वाट्याला ते सुख येत नाही.

त्यांनी वाट पाहिली नाही. 'स्काययूआय' हा मॉड रचणाऱ्यांनी फेव्हरिट्सचे गट करायची सोय दिली: तलवार-ढाल एक गट, तलवार-हीलिंग दुसरा, एका बटणावर दोन्ही हात. फुकट, हौसेने, रात्री जागून. 2016 मध्ये स्पेशल एडिशन आली, 2021 मध्ये अ‍ॅनिव्हर्सरी एडिशन आली. पाणी चकाकलं, झाडं दाटली, मासेमारीसुद्धा आली. तू होतास तसाच. लोकांनी जे दुरुस्त करून हातात ठेवलं होतं ते तुझ्या मालकांनी उचलूनही घेतलं नाही, याचा राग मला तुझ्यापेक्षा त्यांचा जास्त येतो.

'एल्डर स्क्रोल्स सिक्स'ची घोषणा जून 2018 मध्ये झाली. डोंगरांची एक झलक दाखवली, हात दाखवले नाहीत. त्या गेममध्ये तुला परत यायचं असेल तर माझ्या अटी ऐकून ये. अडवण्याचं बटण उजव्याचं उजव्याकडे राहू दे. ढाल धरलेल्या हातालाही निदान एक लहान मंत्र टाकता येऊ दे. हवं तर त्याचा जोर निम्मा कर, मॅजिका दुप्पट घे, क्षणभर ढाल खाली कर. दोन हातांच्या तलवारीवरून हात सोडायला शीक. आग आणि बर्फ एकत्र आले तर निदान वाफ तरी होऊ दे. आणि यादी उघडायची वेळ आलीच, तर समोरच्या ड्रॅगनला थांबवू नकोस. त्याला झेपावू दे. मी ढाल वेळेवर चढवतो की नाही, ते मी बघेन.

तुझा नव्हे,
तलवार, ढाल आणि मंत्र तिन्ही हवे असलेला एक खेळाडू